कॅल्क्युलसच्या आधी पक्कं हवं ते बीजगणित

१/क्ष या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह (क्ष बदलताना फंक्शन किती वेगाने बदलतं ते) व्याख्येवरून काढायचा, म्हणजे क्ष ह ने वाढवून फंक्शनमधला बदल ह ने भागायचा आणि मग ह शून्याकडे न्यायचा असेल, तर वहीत एवढ्याच ओळी येतात:

[१/(क्ष+ह) − १/क्ष] ÷ ह
= [क्ष − (क्ष+ह)] / [क्ष(क्ष+ह)] ÷ ह
= −ह / [ह × क्ष(क्ष+ह)]
= −१ / [क्ष(क्ष+ह)]

आता ह शून्याकडे नेला (यालाच लिमिट घेणं म्हणतात) की उत्तर येतं −१/क्ष². या सगळ्यात कॅल्क्युलस आहे तो फक्त या शेवटच्या वाक्यात. वरच्या ओळींमध्ये छेद समान केले, वजाच्या पुढचा कंस सोडवला, अपूर्णांकाला ह ने भागलं आणि समान अवयव काटला. चारही गोष्टी शाळेतल्या. ज्याने दुसऱ्या ओळीत क्ष − क्ष + ह लिहिलं, त्याचं उत्तर +१/क्ष² येणार, म्हणजे उतरणारा आलेख चढता ठरणार. मग तो म्हणणार, 'मला लिमिट जमत नाही.' लिमिट त्याला जमलेलं असतं, राहिलेला असतो तो कंस.

पुढच्या गणितासाठी बीजगणितातलं सगळंच सारख्या महत्त्वाचं नसतं. काही कौशल्यं रोज लागतात, काही वर्षातून एकदा. इथे घेतली आहेत ती रोजची.

आधी शेवटची क्रिया ओळखा

कुठलीही राशी समोर आली की पहिला प्रश्न विचारायचा: ही बेरजेने बनली आहे की गुणाकाराने? कळत नसेल तर क्ष च्या जागी एखादी संख्या ठेवून किंमत काढायला लागा आणि सगळ्यात शेवटी कोणती क्रिया केली ते बघा. ३(क्ष+२) मध्ये क्ष = ५ ठेवला तर आधी ७, मग २१. शेवटची क्रिया गुणाकार, म्हणून हा गुणाकार आहे आणि ३ व (क्ष+२) हे त्याचे अवयव. ३क्ष+२ मध्ये आधी १५, मग १७. शेवटची क्रिया बेरीज, म्हणून ही बेरीज आहे आणि ३क्ष व २ ही तिची पदं.

पद वेगळं, अवयव वेगळा. अवयव काटता येतो, पद काटता येत नाही. वर्ग अवयवांवर वाटला जातो, पदांवर नाही: (३क्ष)² = ९क्ष², पण (३+क्ष)² म्हणजे ९+क्ष² नव्हे. वर्गमुळाचं तेच, आणि लॉगही पदांवर वाटला जात नाही. बीजगणितातल्या निम्म्याहून अधिक चुका या एकाच गोंधळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

हीच सवय पुढे डेरिव्हेटिव्हचा नियम निवडताना कामी येते. (क्ष²+१)⁵ मध्ये शेवटची क्रिया घात आहे, म्हणून साखळी नियम (आधी बाहेरच्या घाताचा डेरिव्हेटिव्ह, मग त्याला आतल्या राशीच्या डेरिव्हेटिव्हने गुणायचं). क्ष²(क्ष+१)⁵ मध्ये शेवटची क्रिया गुणाकार, म्हणून आधी गुणाकाराचा नियम आणि त्याच्या आत साखळी नियम. पाठांतराने हे ठरवायला गेलं की दहा प्रकार लक्षात ठेवावे लागतात. शेवटची क्रिया बघितली की प्रश्नच मिटतो.

कंस आणि वजा

वजाच्या पुढचा कंस सोडवताना आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं. नियम सगळ्यांना पाठ असतो. चूक होते ती कंस दिसत नाही तिथे. अपूर्णांकाची आडवी रेघ हा न दिसणारा कंसच आहे:

५ − (क्ष−२)/३ = (१५ − क्ष + २)/३ = (१७ − क्ष)/३

हेच उदाहरण वहीत आडव्या रेघेने लिहिलं की अंशाभोवती कंस नसतो आणि १५ − क्ष − २ लिहिलं जातं. उपाय साधा आहे: छेद समान करण्याआधी प्रत्येक अंशाभोवती कंस घालून घ्या, एकच पद असेल तेव्हासुद्धा.

दुसरी जागा म्हणजे किंमत ठेवताना. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(क्ष+ह) म्हणजे (क्ष+ह)² − ३(क्ष+ह). अनेकांच्या वहीत क्ष² + ह − ३क्ष असं काहीतरी दिसतं, म्हणजे शेवटी नुसता ह चिकटवलेला. इथे क्ष ही फक्त रिकामी जागा आहे. आधी क्ष पुसून तिथे रिकामे कंस लिहा: ( )² − ३( ). मग प्रत्येक कंसात हवं ते भरा. हे दोन टप्पे वेगळे ठेवले की ही चूक जवळपास बंद होते.

तिसरी जागा −३² ची. घात आधी, वजा नंतर, म्हणून −३² = −९ आणि (−३)² = ९. संगणकावर मात्र सावध राहा: एक्सेलमध्ये =-३^२ हे सूत्र दिलं की उत्तर ९ येतं, कारण तिथे वजा चिन्ह आधी लागू होतं. गणिताच्या वहीतला संकेत तसा नाही.

ऋण गुणिले ऋण धन का, हे एकदा समजून घेतलेलं बरं. ३ + (−३) = ० आहे. दोन्ही बाजूंना −२ ने गुणा: (−२)×३ + (−२)×(−३) = ०. पहिलं पद −६ आहे, म्हणून दुसरं +६ असल्याशिवाय बेरीज शून्य होणार नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन-ऋणाचे हे नियम लिहून ठेवले. कंस सोडवण्याचा नियम आणि हा नियम एकाच मुळातून येतात, म्हणून एक विसरला तर दुसऱ्यावरून काढता येतो.

अपूर्णांक: काटायचं कधी आणि थांबायचं कधी

(क्ष+६)/६ यातले सहा काटून क्ष उरत नाही. क्ष = १२ ठेवा: १८/६ = ३, बारा नव्हे. अंशातली शेवटची क्रिया बेरीज आहे, म्हणून तिथला ६ हे पद आहे. काटायला दोन्हीकडे अवयव लागतो:

(क्ष²−९)/(क्ष−३) = (क्ष−३)(क्ष+३)/(क्ष−३) = क्ष+३, मात्र क्ष ≠ ३

शेवटची अट टाकाऊ नाही. मूळ राशीला क्ष = ३ ला किंमतच नाही, तर क्ष+३ ची तिथे ६ आहे. 'क्ष तीनच्या जवळ जाताना' हा लिमिटमधला शब्दप्रयोग नेमका याच फटीसाठी आहे. शाळेत ही अट लिहायची सवय लागली असेल तर लिमिटच्या पहिल्या तासाला धक्का बसत नाही.

अंशातली बेरीज छेदावर वाटता येते, छेदातली बेरीज अंशावर वाटता येत नाही. (क्ष²+१)/क्ष = क्ष + १/क्ष हे बरोबर आणि इंटिग्रेशनमध्ये (डेरिव्हेटिव्हच्या उलट क्रियेत) फार उपयोगाचं. क्ष/(क्ष²+१) चे असे तुकडे पडत नाहीत, त्याला वेगळीच रीत लागते. कोणत्या अपूर्णांकाचे तुकडे पाडायचे आणि कोणत्याचे नाही हे नजरेने ओळखता आलं पाहिजे.

बेरीज करताना सगळे छेद सरसकट गुणू नका. आधी छेदांचे अवयव पाडा, मग लसावि घ्या. १/(क्ष−१) − २/(क्ष²−१) मध्ये लसावि (क्ष−१)(क्ष+१) आहे. तो न बघता (क्ष−१)(क्ष²−१) घेतला तर उत्तर चुकणार नाही, पण अंशात क्ष² − २क्ष + १ येईल, छेद तिसऱ्या घाताचा होईल आणि तिथून परत येईपर्यंत दुसरी चूक होण्याची शक्यता वाढेल.

अपूर्णांकाच्या आत अपूर्णांक आला, सुरुवातीच्या उदाहरणात आला तसा, तर वरच्या आणि खालच्या अशा सगळ्या छोट्या छेदांचा लसावि काढून संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला त्याने गुणा. एका फटक्यात सगळे छोटे छेद जातात.

समीकरण: प्रत्येक पायरी उलट फिरते का?

'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य सोयीचं आहे आणि त्यानेच बराच घोटाळा होतो. ते फक्त बेरीज-वजाबाकीने जोडलेल्या पदांना लागू आहे. −३क्ष = १२ मध्ये −३ हा अवयव आहे. तो पलीकडे नेताना कोणी चिन्हही बदललं तर क्ष = ४ येतं, खरं उत्तर −४. म्हणून निदान पहिले काही महिने बाजू बदलण्याची भाषाच सोडून द्या आणि दोन्ही बाजूंना काय केलं ते समासात लिहा: 'दोन्हीकडे ७ मिळवले', 'दोन्हीकडे −३ ने भागलं'. लिहायला तीन सेकंद लागतात.

यातून एक मोठा फायदा होतो. प्रत्येक पायरीला विचारता येतं की ही क्रिया उलटी करता येईल का. एखादी संख्या मिळवणं उलटं करता येतं, शून्येतर संख्येने गुणणंही. पण तीन क्रिया धोक्याच्या आहेत.

चलाने भागणं: क्ष² = ५क्ष मध्ये क्ष ने भागलं की क्ष = ५ मिळतं आणि क्ष = ० ही उकल गुपचूप नाहीशी होते. भागू नका, सगळं एका बाजूला आणा: क्ष(क्ष−५) = ०. त्रिकोणमितीत हीच चूक महागात पडते. २ साइन थीटा × कॉस थीटा = साइन थीटा, थीटा ०° पासून ३६०° च्या आत. साइन थीटाने भागलं तर कॉस थीटा = १/२, म्हणजे ६०° आणि ३००°. अवयव पाडले तर त्यासोबत साइन थीटा = ० वरून ०° आणि १८०° सुद्धा मिळतात. चारपैकी दोन उत्तरं एका भागाकारात गेली.

वर्ग करणं: √(क्ष+६) = क्ष. वर्ग करून क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणून क्ष = ३ किंवा −२. मूळ समीकरणात −२ ठेवलं तर डावी बाजू २, उजवी −२. वर्ग केल्याने चिन्ह पुसलं जातं, म्हणून उपरी उत्तरं येतात. वर्ग केला की पडताळा सक्तीचा.

चल असलेल्या छेदाने गुणणं: क्ष/(क्ष−२) = २/(क्ष−२) वरून क्ष = २ येतं आणि ते चालत नाही, कारण छेद शून्य होतो. या समीकरणाला उकलच नाही. छेद दिसला की आधीच बाजूला लिहून ठेवा: क्ष ≠ २.

एकसामयिक समीकरणांबद्दल फार सांगायला नको, रीत सगळ्यांना येते. एवढंच करा की एक समीकरण दुसऱ्यातून वजा करण्याऐवजी त्याला −१ ने गुणून मिळवा. चिन्हांच्या चुका लगेच कमी होतात. आणि शेवटी ० = ० किंवा ० = ५ असं काही आलं तर गडबडून जाऊ नका. पहिल्याचा अर्थ उकली अनंत, दुसऱ्याचा अर्थ एकही नाही. मॅट्रिक्स शिकताना हीच रीत आणि हेच तीन निष्कर्ष (एकच उकल, अनंत उकली, एकही नाही) परत भेटतात.

अवयव पाडणं

वेळ घालवावा असं कौशल्य एकच निवडायचं झालं तर हे निवडा. शून्याशी समीकरण, काटाकाट, राशी धन कुठे आणि ऋण कुठे हे ठरवणं, कमाल-किमान किंमत, सगळ्याचा रस्ता इथून जातो.

क्रम असा ठेवा. आधी सामाईक अवयव बाहेर काढा. हा टप्पा चुकवला की पुढचं सगळं अवघड होतं. मग पदं मोजा. दोन असतील तर वर्गांची वजाबाकी किंवा घनांची बेरीज-वजाबाकी आहे का बघा. तीन असतील तर मधलं पद फोडा. चार असतील तर दोन-दोनच्या जोड्या लावा.

मधलं पद फोडण्याचं एक उदाहरण सावकाश बघू: ६क्ष² − ७क्ष − ५. पहिला आणि शेवटचा सहगुणक गुणले: ६ × (−५) = −३०. गुणाकार −३० आणि बेरीज −७ असणाऱ्या दोन संख्या हव्यात. गुणाकार ऋण आहे म्हणजे चिन्हं भिन्न; बेरीज ऋण आहे म्हणजे मोठी संख्या ऋण. ३० च्या जोड्या १ व ३०, २ व १५, ३ व १०, ५ व ६. सातचा फरक ३ व १० मध्ये आहे, म्हणून +३ आणि −१०.

६क्ष² + ३क्ष − १०क्ष − ५
= ३क्ष(२क्ष+१) − ५(२क्ष+१)
= (२क्ष+१)(३क्ष−५)

घसरण्याची जागा दुसऱ्या ओळीत आहे. −५ बाहेर काढल्यावर कंसात −१ नव्हे, +१ उरतो. दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर बहुतेक वेळा चिन्ह चुकलेलं असतं, जोडी नव्हे. आधी चिन्ह तपासा, मगच नवी जोडी शोधायला लागा.

जोडी सापडतच नसेल तर किती वेळ शोधायचं? अक्ष² + बक्ष + क चा विवेचक काढा: ब² − ४अक. इथे ४९ + १२० = १६९, म्हणजे १३ चा वर्ग. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल तर परिमेय अवयव पडतातच. पूर्ण वर्ग नसेल तर पडत नाहीत, आणि जोड्या शोधणं तिथेच थांबवून सूत्र वापरायचं. दहा सेकंदांचं काम आहे, पाच मिनिटं वाचतात.

कॅल्क्युलसमध्ये लागणारी एक गोष्ट शाळेत फारशी घोटली जात नाही: अख्खा कंस सामाईक काढणं. क्ष²(क्ष−३)³ चा डेरिव्हेटिव्ह असा येतो:

२क्ष(क्ष−३)³ + ३क्ष²(क्ष−३)²

इथे विस्तार करू नका. दोन पदं आहेत. दोघांत काय सामाईक आहे ते बघा. क्ष एकदा, (क्ष−३) दोनदा. ते बाहेर काढल्यावर पहिल्या पदातून २(क्ष−३) उरतं, दुसऱ्यातून ३क्ष:

क्ष(क्ष−३)²[२(क्ष−३) + ३क्ष] = क्ष(क्ष−३)²(५क्ष−६)

डेरिव्हेटिव्ह शून्य कुठे होतो ते आता नुसतं वाचता येतं: ०, ३ आणि ६/५. विस्तार केला असता तर चौथ्या घाताची बहुपदी हातात आली असती आणि तिचे अवयव पाडायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विस्तार करायचा की अवयवरूपात ठेवायचं हा निर्णय दर वेळी जाणीवपूर्वक घ्यायचा असतो. शून्य, चिन्ह किंवा काटाकाट हवी असेल तर अवयव. समान घातांची पदं एकत्र करायची असतील तर विस्तार.

पूर्ण वर्ग

वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ असल्यावर ही रीत कशाला, असं वाटतं. पण सूत्र फक्त मुळं देतं. पूर्ण वर्ग राशीचा आकारच बदलून दाखवतो. क्ष² − ६क्ष + १३ = (क्ष−३)² + ४. यावरून किमान किंमत ४, तीही क्ष = ३ ला, आणि वास्तव मूळ एकही नाही, हे न सोडवता दिसतं. वर्तुळाच्या समीकरणातून केंद्र आणि त्रिज्या काढणं म्हणजे हेच दोनदा करणं. १ भागिले (क्ष² − ६क्ष + १३) याचं इंटिग्रेशनसुद्धा या रूपाशिवाय सुरू होत नाही.

चूक होते ती क्ष² चा सहगुणक १ नसतो तेव्हा. २क्ष² + ८क्ष + ३ घ्या. पहिल्या दोन पदांतून २ बाहेर काढा: २(क्ष² + ४क्ष) + ३. कंसात ४ मिळवले, पण कंसाबाहेर २ उभा आहे, म्हणजे खरं तर ८ मिळवले गेले. म्हणून वजा ८ करायचे: २(क्ष+२)² − ८ + ३ = २(क्ष+२)² − ५. इथे ४ वजा करणारे खूप.

समीकरण सोडवायचं असेल आणि अपूर्णांक नको असतील तर श्रीधराचार्यांची रीत वापरा: दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवा. ३क्ष² + ५क्ष = १ ला १२ ने गुणून ३६क्ष² + ६०क्ष = १२, आणि २५ मिळवून (६क्ष+५)² = ३७. क्ष = (−५ ± √३७)/६. अपूर्णांक शेवटपर्यंत आला नाही. नेहमीचं सूत्र याच रीतीने तीन ओळींत सिद्ध होतं.

घातांक, करणी, लॉग

डेरिव्हेटिव्ह काढण्याआधी प्रत्येक मुळाचं आणि छेदाचं घातरूप लिहिता आलं पाहिजे. √क्ष म्हणजे क्ष चा १/२ वा घात. १/(२क्ष³) म्हणजे (१/२)क्ष⁻³. इथे २क्ष⁻³ लिहिणं ही नेहमीची चूक, कारण ऋण घात फक्त क्ष चा आहे, २ चा नाही. घातांक ज्याला चिकटला आहे त्याचाच असतो.

√(अ²+ब²) म्हणजे अ+ब नव्हे: ३ आणि ४ घ्या, पाच येतात, सात नाही. √(क्ष²) म्हणजे क्ष सुद्धा नव्हे, ते क्ष चं केवलमूल्य आहे; क्ष = −४ असताना उत्तर ४ येतं. लॉग(अ+ब) तसाच राहतो. लॉग(अब) चे मात्र लॉग अ + लॉग ब होतात, कारण लॉग म्हणजे घातांक आणि गुणाकारात घातांकांची बेरीज होते. पद आणि अवयव, परत तेच.

करणीचं परिमेयीकरण शाळेत छेदाचं करतात, लिमिटमध्ये बहुधा अंशाचं लागतं. (√(४+ह) − २)/ह मध्ये ह = ० ठेवला तर ०/० येतं. वर आणि खाली √(४+ह) + २ ने गुणा. अंशात (४+ह) − ४ = ह उरतो, तो छेदातल्या ह शी कटतो, आणि १/(√(४+ह) + २) शिल्लक राहतं. आता ह शून्य केला की १/४. छेदातला गुणाकार मुद्दाम सोडवायचा नाही. ह मोकळा राहिला पाहिजे.

चल सुटा करणं आणि असमानता

य = (२क्ष+१)/(क्ष−३) यातून क्ष काढायचा आहे. क्ष दोन ठिकाणी आहे, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. छेदाने गुणा: यक्ष − ३य = २क्ष + १. क्ष असलेली सगळी पदं एका बाजूला: यक्ष − २क्ष = ३य + १. क्ष सामाईक: क्ष(य−२) = ३य+१. म्हणून क्ष = (३य+१)/(य−२), य ≠ २. फंक्शनचा व्यस्त (इनव्हर्स, म्हणजे य वरून परत क्ष देणारं फंक्शन) मिळाला, आणि हे फंक्शन २ ही किंमत कधीच घेत नाही हेही कळलं.

असमानतेत ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं. चलाने गुणायचं असेल तर तो धन आहे की ऋण हेच माहीत नसतं, म्हणून गुणायचंच नाही. (क्ष+१)/(क्ष−२) > ३ मध्ये तिरका गुणाकार केला तर क्ष < ७/२ येतं, पण क्ष = ० ठेवून बघा: −१/२ तीनपेक्षा मोठा नाही. सगळं एका बाजूला आणा: (७−२क्ष)/(क्ष−२) > ०. अंश ७/२ ला शून्य, छेद २ ला शून्य. संख्यारेषेचे तीन भाग पडतात, प्रत्येकातली एक संख्या तपासा. उत्तर २ < क्ष < ७/२. फंक्शन कुठे चढतं, कुठे उतरतं हे ठरवताना नेमकं हेच करतात.

सराव कसा करायचा

रोज वीस मिनिटं पुरतात, पण प्रकार मिसळून. अवयवांची तीस उदाहरणं सलग केली की सहाव्या उदाहरणापासून डोकं बंद आणि हात चालू. कंस, अपूर्णांक, समीकरण, घातांक अशी दोन-दोन घ्या, म्हणजे कोणती रीत लावायची हेही ठरवावं लागतं.

एका ओळीत एकच बदल करा. दोन राशी समान असतील तरच मध्ये बरोबरचं चिन्ह लिहा. 'पुढची पायरी' या अर्थाने ते चिन्ह वापरणं पुढे फार त्रास देतं.

उत्तर तपासायला उत्तरसूची लागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत एकच संख्या ठेवा. ०, १ आणि २ टाळा: एकाचे सगळे घात सारखे, २+२ आणि २×२ सारखे, त्यामुळे चुका लपतात. ३, ५ किंवा −३ घ्या. किमती जुळल्या नाहीत तर चूक नक्की आहे. मग मधल्या ओळीत तीच संख्या ठेवून चूक वरच्या अर्ध्यात आहे की खालच्या, हे शोधा. किमती जुळल्या तर बहुधा बरोबर, सिद्ध मात्र नव्हे. दुसऱ्या घाताच्या दोन राशी तीन वेगवेगळ्या किमतींना जुळल्या तर मात्र त्या समानच असतात.

चुकांची वेगळी वही ठेवा आणि त्यात उदाहरण नव्हे, चुकीचा प्रकार लिहा: 'रेघेवरचा कंस', 'पद काटलं', 'चलाने भागलं'. पंधरवड्याने मोजलं की दोन-तीन प्रकारच पुन्हा पुन्हा दिसतील, आणि पुढचा सराव त्यांचाच करायचा.

कुठे कच्चं आहे ते बघा

ही सात उदाहरणं पंधरा मिनिटांत, कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा.

१. सरळ रूप द्या: −२(३−क्ष) − (क्ष−४)
२. सरळ रूप द्या: १/(क्ष−१) − २/(क्ष²−१)
३. सोडवा: क्ष³ = ४क्ष
४. अवयव पाडा: १२क्ष² − क्ष − ६
५. पूर्ण वर्गाच्या रूपात लिहा: क्ष² + १०क्ष + ७
६. एकाच घाताच्या रूपात लिहा: १/(५क्ष²)
७. क्ष काढा: य = क्ष/(२क्ष−५)

उत्तरं: (१) क्ष − २. (२) १/(क्ष+१), क्ष ≠ १ आणि क्ष ≠ −१. (३) ०, २, −२. (४) (३क्ष+२)(४क्ष−३). (५) (क्ष+५)² − १८. (६) (१/५)क्ष⁻². (७) ५य/(२य−१), य ≠ १/२.

पहिल्यात क्ष − १० आलं असेल तर शेवटच्या कंसातल्या −४ चं चिन्ह बदललेलं नाही. दुसऱ्यात (क्ष−१)/(क्ष²−१) वर थांबला असाल तर बेरीज येते, काटाकाट सुचत नाही. उत्तर मिळाल्यावरही अवयव पाडून बघायची सवय लावा. तिसऱ्यात दोनच उत्तरं असतील तर क्ष ने भागलं गेलं, एकच असेल तर वर्गमूळ घेताना ऋण मूळही सुटलं. चौथ्याला दोन मिनिटांहून जास्त लागली तर ७२ च्या जोड्या क्रमाने लिहायचा सराव करा, अंदाजाने उड्या मारू नका. पाचव्यात +३२ आलं असेल तर २५ वजा करण्याऐवजी मिळवले. सहाव्यात ५क्ष⁻² लिहिलं असेल तर घातांकांच्या विभागातलं उदाहरण पुन्हा बघा. सातव्यात उत्तराच्या उजवीकडे अजून क्ष शिल्लक असेल, तर क्ष सामाईक काढायची पायरी राहिली आहे.